हात लावाल तर खबरदार!

ऐकलंत का मंडळी? टीव्हीखाली ठेवलेला तो गेम कन्सोल, ज्याचे हप्ते अजून तुमच्या खात्यातून जाताहेत, तो म्हणे पुरता तुमचा नाहीच! प्लास्टिक तुमचं, वायर तुमची, धूळ पुसायची तीही तुम्हीच. पण आतलं काही हलवलंत, तर कंपनी लांबूनच त्याचा जीव घेणार. आणि ही काही चहाच्या टपरीवरची पुडी नव्हे. 2025 च्या मे महिन्यात निन्टेन्डोने अमेरिकेतल्या ग्राहकांसाठीच्या करारात हे चक्क पांढऱ्यावर काळं करून ठेवलं. आमच्या सेवांचं संरक्षण चुकवलंत, त्यात फेरफार केलात, छेडछाड केलीत, तर तुमचं यंत्र आम्ही कायमचं निकामी करू शकतो, पूर्णतः किंवा अंशतः. पुढच्याच महिन्यात, 5 जूनला, स्विच 2 बाजारात आला. मुहूर्त बघा!

त्यातल्या त्या ‘अंशतः’वर तर आम्ही फिदा आहोत. कन्सोल अंशतः मेला म्हणजे नेमकं काय झालं? आवाज गेला? डावीकडचं बटण रुसलं? की मारिओ उडी मारायचा थांबला आणि नुसता चालू लागला? करार याबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि ‘फेरफार’ म्हणजे तरी काय? पायरेटेड गेम घालणं हा फेरफार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बॅटरी फुगली म्हणून बदलली, तर? कडेच्या जॉय-कॉन कंट्रोलरची स्टिक आपोआप भलतीकडे सरकायला लागली, म्हणून नवी टाकली, तर? मुलीला पारदर्शक जांभळं कव्हर हवं होतं म्हणून खोका उघडला, तर? स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम चालवून पाहिला, तर? वकील म्हणतील, तेवढ्यासाठी कोण येतंय तुमच्या दारात. खरं आहे, कुणी येत नाही. पण यायचं ठरवलं, तर दार उघडंच आहे ना!

आता तुम्ही म्हणाल, कंपनी बिचारी तरी काय करणार, पोरं काय कमी आहेत का? नाही हो, मुळीच कमी नाहीत. या मॉडिंगच्या, म्हणजे यंत्रात फेरफार करण्याच्या, नादाने माणसं कोणत्या थराला जातात ते ऐकलंत, तर तोंडाला पदर लावाल.

2008 सालची गोष्ट. निन्टेन्डोचा ‘वी’ नावाचा पांढराशुभ्र, सात्त्विक चेहऱ्याचा कन्सोल घरोघरी होता. आज्या त्यावर बोलिंग खेळत होत्या. आणि काही उपद्व्यापी मंडळी ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या झेल्डाच्या गेममध्ये घोड्याच्या नावाकडे टक लावून बसली होती. या गेममध्ये तुमच्या घोडीचं नाव तुम्हीच ठेवायचं असतं. गेम नाव टंकताना लांबी मोजतो, पण सेव्ह केलेल्या फाइलमधून वाचताना मोजत नाही. मग काय, यांनी एक बनावट सेव्ह फाइल तयार केली. तिच्यात घोडीचं नाव इतकं लांबलचक, की ते आपल्या जागेत मावेना आणि शेजारच्या मेमरीत सांडलं. सांडलेल्या भागात यांनी आपला प्रोग्रॅम दडवला होता. गेम सुरू करायचा, दोन पावलं टाकायची, आणि वी यांच्या मुठीत! घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ते हे असं. कंपनीने अपडेट काढला, त्याने ती सेव्ह फाइल हुडकून पुसायची. मंडळींनी त्या हुडकणाऱ्यालाच चकवलं. कंपनीने पुन्हा अपडेट काढला. हा शिवाशिवीचा खेळ बराच काळ चालला.

पण त्या घोडीपर्यंत पोचायच्या आधी वीच्या गुप्त किल्ल्या हाताला कशा लागल्या, तेही ऐकाच. चिमट्याने! भुवया कोरायला वापरतात तसल्या चिमट्याने. वीमध्ये जुन्या गेमक्यूब कन्सोलचे गेम चालत, आणि त्या वेळी मेमरीचा बराचसा भाग कुलूपबंद असे. मंडळींनी सर्किट बोर्डावरच्या पत्ता सांगणाऱ्या तारा चिमट्याने एकमेकींना चिकटवल्या आणि कुलपाआडचा मजकूर वाचून काढला. जगातल्या नावाजलेल्या कंपनीची सुरक्षा, आणि ती मोडली मेकअपच्या डब्यातल्या वस्तूने. आता सांगा, करारात ‘अनधिकृत उपकरण’ लिहिलं असेल, तर चिमटा त्यात धरायचा की नाही?

दहा वर्षांनी, 2018 मध्ये, पहिल्या स्विचची पाळी. उजवा जॉय-कॉन काढायचा. त्याच्या खाचेत तळाशी बारीक पिना दिसतात. त्यातली एक पिन जमिनीच्या तारेला, म्हणजे ग्राउंडला, जोडून ठेवायची, आवाज वाढवायचं बटण दाबून धरायचं आणि यंत्र सुरू करायचं. झालं, स्विच दुरुस्तीच्या मोडमध्ये. लोकांनी ही जोडणी कशाने केली? कागदाला लावायच्या क्लिपने! आतली एनव्हिडियाची चिप यूएसबीवरून येणारी विनंती किती लांब आहे ते नीट तपासत नव्हती. म्हणजे घोडीच्या नावाचंच भावंड, फक्त या वेळी कंपनीला अपडेटही काढता येईना, कारण ती चूक चिपच्या अशा भागात कोरलेली होती, जो कारखान्यातून बाहेर पडल्यावर बदलताच येत नाही. तोवर विकलेले लाखो स्विच कायमचे उघडे. स्टेशनरीच्या दुकानात हत्यार मिळतंय म्हटल्यावर नियम लिहिणाऱ्याला घाम फुटणार नाही तर काय!

आणि बरं का, या मंडळींचे आपसातले नियमही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ‘मॉडिंगला हरकत नाही, पायरसीला सक्त मनाई’ ही त्यांची ठरलेली पाटी. वाचायला किती साजूक! पण पुढे? स्वतः विकत घेतलेल्या गेमची प्रत काढली, तर ती पायरसी का? बाजारातून वीस वर्षांपूर्वी उठलेला, कुठल्याच दुकानात न मिळणारा गेम उतरवून घेतला, तर? गेम न देता फक्त कुलपाच्या किल्ल्या दिल्या, तर? प्रत्येक जण आपापल्या सोयीने रेघ ओढतो, आणि जो तो ‘मी तर फक्त बॅकअप घेतो’ म्हणतो. बॅकअप! इतके बॅकअप घेणारी जमात घरच्या लग्नाचे फोटो मात्र फुटक्या फोनमध्येच ठेवते. खाली बारीक अक्षरात ‘हे फक्त शैक्षणिक हेतूसाठी’ हा मंत्र घातला की सगळं पवित्र. 2024 च्या मार्चमध्ये ‘युझू’ या स्विचची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी निन्टेन्डोशी तडजोड केली आणि 24 लाख डॉलर कबूल केले. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किल्ल्या नव्हत्या हो, त्या वापरणाऱ्याने स्वतःच्या स्विचमधून काढून आणायच्या होत्या! मोघम भाषेचा आडोसा पाऊस येईपर्यंतच पुरतो.

मग म्हटलं, कोर्टात तरी शब्दांचा कीस पडत असेल. पडतो की! आणि असा पडतो, की खवणीला लाज वाटावी.

ऑस्ट्रेलियातलं प्रकरण घ्या. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कवर, अगदी आतल्या कडेला, रेघ किंचित थरथरत कोरलेली असते. त्या थरथरीत चार अक्षरं लपलेली: जपानची एससीईआय, अमेरिकेची एससीईए, युरोपची एससीईई. घरच्या सीडी रायटरला ही थरथर जमत नाही, म्हणून नक्कल केलेली डिस्क यंत्र नाकारतं. मॉडचिप काय करते? ती चार अक्षरं यंत्राच्या कानात सतत पुटपुटत राहते. बस. यंत्र समजतं, डिस्क अस्सल आहे. सिडनीतला एक गृहस्थ अशा चिपा विकायचा, बसवूनही द्यायचा. सोनीने त्याला कोर्टात खेचलं. कायद्यात शब्द होते, की ‘संरक्षक उपाय’ म्हणजे कॉपीराइटचा भंग रोखणारी किंवा त्याला अटकाव करणारी रचना. आता ही थरथर भंगाला अटकाव करते का? पहिल्या न्यायाधीशांनी 2002 मध्ये सांगितलं, नाही. वरच्या पीठाने 2003 मध्ये सांगितलं, करते. शेवटी 2005 मध्ये हायकोर्टाच्या सहाही न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, नाही करत! कारण साधं होतं. नक्कल तर आधीच झालेली असते. ही रचना नक्कल थांबवत नाही, नक्कल खेळणं थांबवते. ‘अटकाव’ या एका शब्दावर तीन पायऱ्या आणि तीन वर्षं! निकालात आणखी एक गंमत दडलेली होती. तीच थरथर अमेरिकेत रीतसर विकत घेतलेली अस्सल डिस्कसुद्धा सिडनीत नाकारत होती. म्हणजे चोर आणि पाहुणा दोघांनाही एकाच लाठीचा प्रसाद. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने अमेरिकेबरोबरच्या व्यापार कराराला साजेसा कायदा बदलला, पण व्याख्येतून देशोदेशीच्या बाजारांचं कुंपण मात्र वगळलं. थोडक्यात, शब्द नीट लिहिता येतात. लिहायचे असतील तर.

आता जपानला चला, पण मुलांना आतल्या खोलीत पाठवा. कोनामीचा ‘तोकिमेकी मेमोरियल’ हा प्रेमाचा गेम. शाळेची तीन वर्षं अभ्यास करायचा, खेळात घाम गाळायचा, व्यक्तिमत्त्व सुधारायचं, आणि मग शेवटच्या दिवशी एका दंतकथेतल्या झाडाखाली नायिका येऊन प्रेमाची कबुली देते, तीही तुमची पात्रता जुळली तरच. एका कंपनीने काय विकावं? मेमरी कार्ड! ते घातलं, की नायक पहिल्या दिवसापासून सर्वगुणसंपन्न. किंवा थेट झाडाखालीच. अभ्यास नाही, घाम नाही, डायरेक्ट कबुली! कोनामी कोर्टात गेली आणि 2001 मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की यामुळे नायकाचं चरित्र आणि कथेचा ओघ लेखकाच्या इराद्याबाहेर बदलतो, म्हणून कृतीची अखंडता भंगली. सर्वोच्च न्यायालयाने प्रेमातल्या वशिल्याला रीतसर हरकत घेतली! 2018 मध्ये तर जपानने सेव्ह डेटा बदलायची साधनं विकणंच कायद्याने बंद केलं.

आणि युरोप? तिथे सोनीने ‘मोटरस्टॉर्म’ या गाड्यांच्या गेमसाठी टर्बो अमर्याद करून देणाऱ्या सॉफ्टवेअरविरुद्ध दावा लावला. भांडण हॅम्बुर्गहून चढत चढत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोचलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे निकाल लागला, की गेम चालू असताना मेमरीतले आकडे बदलले म्हणजे प्रोग्रॅमची नक्कल झाली नाही, मूळ कोड जसाच्या तसा आहे. म्हणजे बघा, टोकियोत आकडा बदलला तर साहित्याचा खून, लक्झेंबर्गमध्ये बदलला तर नुसती मौज.

अमेरिकेत आणखीच तऱ्हा. 1998 च्या डीएमसीए कायद्याने कुलूप फोडणं गुन्हा ठरवलं आणि दर तीन वर्षांनी अपवादांची यादी काढायची सोय ठेवली. 2010 मध्ये फोन जेलब्रेक करायला परवानगी मिळाली. 2012 मध्ये कन्सोलसाठी तीच मागितली, तर नकार. 2021 मध्ये कन्सोलला सवलत मिळाली, पण कशापुरती? डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती, आणि तीही काम झाल्यावर कुलूप जसं होतं तसं परत लावायच्या अटीवर. 2024 मध्ये दुकानांतल्या खाद्यपदार्थांच्या यंत्रांनाही दुरुस्तीसाठी मुभा मिळाली, म्हणजे आइस्क्रीमच्या मशीनचं भाग्य उजळलं. कन्सोल अजून रांगेतच. तिथल्याच कॅलिफोर्नियात 2010 मध्ये एक्सबॉक्स मॉड करणाऱ्या एका विद्यार्थ्यावर फौजदारी खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांची भर कोर्टात अशी बिनपाण्याने केली, की तिसऱ्या दिवशी खटलाच मागे घेतला गेला. त्यातली सगळ्यात चविष्ट बाब ही, की मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा एक साक्षीदार कॉलेजात असताना स्वतःच एक्सबॉक्स मॉड करायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

पण खरी बाब्याची गोष्ट पुढे आहे. 2006 मध्ये सोनीने पीएस 3 विकला, तोच मुळी ‘यावर लिनक्सही चालतं’ असं सांगून. लोकांनी घेतला. अमेरिकेच्या हवाई दलाने तर 1,760 पीएस 3 जोडून एक महासंगणक उभा केला. आणि 1 एप्रिल 2010 ला सोनीने अपडेट काढून ती सोय पुसून टाकली. तारीख एप्रिल फूलची, पण थट्टा नव्हती. अपडेट घ्या, लिनक्स जातं. घेऊ नका, ऑनलाइन खेळणं जातं. आपण फ्लॅट घ्यावा आणि बिल्डरने चार वर्षांनी येऊन बाल्कनी भिंतीने बुजवावी, वर म्हणावं, नको असेल तर लिफ्ट वापरू नका! ग्राहक कोर्टात गेले आणि 2018 मध्ये 37 लाख 50 हजार डॉलरची तडजोड झाली. आता आम्हाला सांगा, यंत्रात फेरफार कुणी केला? मालकाने केला की ‘छेडछाड’, कंपनीने केला की ‘सुधारणा’. करारात कर्ता बदलला, की क्रियापदही बदलतं.

तेव्हा हे मोघम शब्द आळसाने पडलेले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची! शब्द जितका पसरट, तितका ग्राहक घाबरलेला आणि कंपनी मोकळी. कन्सोलवर ‘हे सील काढलं तर वॉरंटी संपली’ अशी स्टिकरं वर्षानुवर्षं मिरवली. 1975 च्या वॉरंटी कायद्यात असल्या अटी बसत नाहीत, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2018 मध्ये ज्या सहा कंपन्यांना बजावलं, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो तिघीही होत्या. तोवर किती जणांनी त्या स्टिकरकडे बघून स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला असेल!

आपल्याकडे? आपल्याकडे हा सगळा सोवळेपणा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या गर्दीत केव्हाच वाहून गेला. ‘चिप मारलेला पीएस टू’ हा तिथे गुन्हा नव्हता, मॉडेलचं नाव होतं. मूळ डिस्क हजारांत, फुटपाथवरची शंभराच्या आसपास. पण गंमत म्हणजे आपला कायदाच या बाबतीत जास्त शहाणा निघाला. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये आलेलं कलम 65-अ म्हणतं, की कुलूप फोडणं गुन्हा आहे, पण हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने फोडलं, तर. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणजे आमच्या कलमाने चिमटा नाही विचारला, हेतू विचारला. फुटपाथवरच्या डिस्का विकणारा त्यात सापडेल. स्वतःची स्टिक बदलणारा सापडणार नाही.

आमचा निवाडा एवढाच. ऑनलाइन सामन्यात चीट लावून दुसऱ्याचा खेळ नासवणाऱ्याला खुशाल हाकला. गेम लुटणाऱ्याला खुशाल कोर्टात न्या. पण नियमात नीट लिहा, कोणत्या कृत्याला कोणती शिक्षा, यंत्र जाणार की फक्त ऑनलाइन सेवा, आणि दाद कुणाकडे मागायची. आजवर ही शिक्षा पुष्कळदा भलत्याच माणसाला भोगावी लागली. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने मॉड केलेल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन नाकेबंदी केली, तेव्हा कितीतरी यंत्रं निमूटपणे जुन्या बाजारात आली आणि न सांगता विकली गेली. स्विच 2 च्या बाबतीतही तेच सुरू झालंय. बंदी यंत्रावर बसते, माणसावर नाही, म्हणून विकणारा सुटतो आणि घेणारा अडकतो.

म्हणून जाता जाता एक सांगणं. दिवाळीत मुलांसाठी जुना स्विच किंवा एक्सबॉक्स घेणार असाल, तर पैसे हातात ठेवा, दुकानदाराच्याच वायफायला यंत्र जोडा, स्वतःचं खातं घालून ऑनलाइन दुकान उघडतंय का ते बघा. उघडलं, तरच पाकीट काढा. दुकानदार ‘घरी जाऊन होईल चालू’ म्हणाला, तर तिथूनच नमस्कार करा.